हातचा

एम.कॉम.च्या तिसऱ्या सेमिस्टरला
मॅनेजमेंटचा पेपर सक्तीचा.
आम्ही आकड्यांची पोरं. आम्हाला वाटलं,
चला, एक तास तरी डोक्याला ताप नाही.

तेरीज जुळते, नाहीतर जुळत नाही.
तिथं तुमचं मत कुणी विचारत नाही.
इथं टोणगावकर मॅडम फळ्यावर चौकोन काढतात,
चौकोनातून बाण, बाणाखाली पुन्हा चौकोन,
सगळ्यात वर एक माणूस, त्याच्या वर कुणीच नाही,
आणि हातावरचा खडू झटकत म्हणतात,
'उदाहरण आपापलं लिहा. गाइडातला सिमेंटचा कारखाना
मी चौदा वर्षं तपासतेय.'

माझं उदाहरण
दुपारी तीनला सियागंजात उघडतं.
भंवरकुआँहून बस, मग पायी,
हळद, फिनाइल, काथ्या, आणि कुणाच्या तरी फुटक्या डब्यातली
चपलेला धरून आत येणारी काकवी.
मुर्तझाभाईंचं दुकान. दोर, ताडपत्री, ठोक भाव.
मला साडेपाच हजार, चहा दोनदा,
शनिवारी कचोरी.

गादीवर मुनीमजी, गेंदालालजी.
सोड्याच्या बाटलीचं बूड असावं तसा चष्मा,
नाक कीर्दीला टेकलेलं.
ते लिहितात, मी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर चढवते.
पहिल्याच आठवड्यात दिसलं:
एखादी बेरीज दहानं कमी, कधी शंभरानं,
आणि शेजारी, मुंगी चालत गेल्यासारखी,
पेन्सिलीनं बरोबर रक्कम.
दरवेळी तीच चूक. हातचा विसरलेला.

मला वाटलं, म्हातारे स्वतःच पडताळतात.
मग एकदा माझा डबा राहिला.
परतले तर शटर अर्धं खाली,
गादीवर मुर्तझाभाई, टोपी मांडीवर,
ओठ हलवत, बोटांची पेरं मोजत,
मुनीमजींचा अख्खा दिवस पहिल्यापासून पुन्हा मांडत बसलेले.
'उन्हें अब कम दिखता है,' एवढंच म्हणाले.
'आप कहना मत.'

नाही सांगितलं. घरीही नाही.
वहीत मात्र लिहिलं: नियंत्रण, अनौपचारिक.
खाली दोन रेघा.

पुढे पितृपक्षात, बाजार सुस्त,
गेंदालालजी चहा बशीत ओतता ओतता बोलले,
'भाभी गईं तब से सेठ को घर काटता है.
इसलिए एक-दो हासिल छोड़ देता हूँ रोज़.
बैठे रहते हैं बेचारे दस बजे तक.'

हासिल. म्हणजे आपला हातचा.
मी त्या जाड काचेकडे पाहिलं.
काचेआडचा माणूस खरं बोलतोय
की स्वतःची लाज राखतोय,
हे कुठल्या खात्यात शोधायचं?

डिसेंबरात अंतर्गत परीक्षा.
नियंत्रण प्रक्रिया सोदाहरण स्पष्ट करा. गुण पंधरा.
वरचा कोण, खालचा कोण, बाण कुठून कुठे,
पेन टेकवून मी पाच मिनिटं तशीच.
मग सिमेंटचा कारखाना लिहिला.
अकरा मिळाले,
आणि समासात मॅडमचं एक लाल प्रश्नचिन्ह.

गेल्या मंगळवारी मुर्तझाभाई सुरतेला गेले, भाचीच्या लग्नाला.
बुधवारी कीर्द उघडली.
पान एकशे बारा, बेरीज शंभरानं कमी,
शेजारी काही नाही. कोरं.
माझ्या केसांत पेन्सिल होती. काढली.
टोक पाहिलं.
मुनीमजी समोरच कुणाला तरी ताडपत्रीचा भाव सांगत होते,
बघत नव्हते. किंवा बघत होते.

कॉम्प्युटरात बरोबर रक्कम भरली
आणि पान तसंच मिटलं,
शुक्रवारी सेठ येईपर्यंत.